एक अंडं, दोन हजार बहिणी

अरणीतून, म्हणजे शेतातल्या साठवणीच्या ढिगातून, बटाटा काढताना एखाद्या कंदाच्या डोळ्याशी काळपट भुकटी साचलेली दिसते. ती अळीची विष्ठा. आत पाकोळी नावाच्या पतंगाची अळी बोगदा पाडत बसली आहे, हे बटाटेवाल्याला कोणी सांगावं लागत नाही. पण कधीमधी बोगद्याच्या तोंडाशी किंवा पोत्याच्या शिवणीत अशी एक अळी मिळते, जी हलत नाही, कुजत नाही आणि कोषातही गेलेली नसते. सेंटिमीटरभर लांब, फिकट तपकिरी, बोटाला कडक लागणारी. भिंगाखाली धरली की कातडी ताणून बसलेली दिसते आणि तिच्याखाली शेंगेतल्या दाण्यांसारखे लांबट फुगवटे, एकाला एक खेटून, डोक्यापासून शेपटापर्यंत. मोजले तर चाळिसाच्या आसपास भरतात. कीटकशास्त्रज्ञ अशा अळीला ‘ममी’ म्हणतात. अळी केव्हाच संपलेली आहे. टरफल तिचं आहे, आत मात्र दुसरेच जीव कोषावस्थेत पडून आहेत. काही दिवसांनी त्या टरफलाला टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं पडतात आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या काळसर गांधीलमाश्या एकामागून एक बाहेर येतात.

इथवर फार नवल नाही. दुसऱ्याच्या पोटात पिल्लं वाढवणाऱ्या गांधीलमाश्यांच्या हजारो जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जणी एका अळीत ढिगाने अंडी घालतात. या चाळीसजणींच्या आईने घातलेलं अंडं मात्र एकच होतं. एका अंड्याचे चाळीस गर्भ झाले, चाळिसांच्या चाळीस माश्या झाल्या, आणि त्या सगळ्या एकमेकींच्या हुबेहूब जुळ्या आहेत. (चाळीसजणींना ‘जुळ्या’ म्हणायला जीभ अडखळते, पण अर्थ तोच.)

या प्रजातिगटाचं नाव कोपिडोसोमा. एन्सिर्टिडी कुळातला हा गट, जगभरात वर्णन झालेल्या त्याच्या जाती सुमारे दोनशे. धंदा सगळ्यांचा एकच: पतंगांच्या वंशावर जगणं, आणि तेही एकाचे अनेक होऊन. बटाट्यातली जात त्यातली गरीब म्हणायची. कोपिडोसोमा फ्लोरिडॅनम नावाची तिची चुलत बहीण कोबीवरच्या आणि तत्सम उंटअळ्यांवर वाढते. ती एका अंड्यापासून दोन हजारांहून जास्त संतती उभी करते. माणसात एकसारखी जुळी झाली तर बारसं दणक्यात होतं. अमेरिकेतलं नऊ पट्ट्यांचं आर्माडिलो दर खेपेला चार एकसारखी पिल्लं देतं म्हणून पाठ्यपुस्तकात जाऊन बसलंय. आणि ही मिलिमीटरभराची माशी दोन हजारांचा आकडा गाठून कोबीच्या पानाखाली अनामिक राहते.

बहुभ्रूणता हा शब्द शाळेत वनस्पतीशास्त्राच्या तासाला येतो आणि तिथेच राहतो. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांना तो रोजच्या उपयोगाचा आहे, कारण कलमाच्या खुंटासाठी लावतात त्या जंबेरीच्या एका बीमधून दोन-तीन रोपं उगवतात. पण तिथले जादा गर्भ आईच्या ऊतीतून फुटतात, फलित अंड्याची फाळणी होऊन नव्हे. कोपिडोसोमात अंडंच फुटत जातं, आणि फुटून फुटून थांबायचं विसरतं.

हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं ते फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ पॉल मार्शाल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पतंगाच्या अळ्या चिरून पाहत होते. काही अळ्यांच्या पोटात त्यांना एक लांब नळी मिळाली आणि त्या नळीत ओळीने मांडलेले कितीतरी गर्भ. असली नळी त्याआधीही लोकांनी पाहिली होती. ती मुळात कुठून येते, हा माग काढत मार्शाल मागे मागे गेले आणि एका अंड्यापाशी पोचले. कीटकातल्या बहुभ्रूणतेची ती पहिली पक्की नोंद. ती जात कोपिडोसोमा नव्हती, पण त्याच कुळातली होती. पुढे इटलीत, नेपल्सजवळच्या पोर्तिचीच्या कृषिविद्यालयात, फिलिप्पो सिल्वेस्त्री यांनी तेव्हा लिटोमास्टिक्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि आज कोपिडोसोमात जमा झालेल्या एका जातीचं पूर्ण चरित्र लिहिलं. साल १९०६. हे साल ध्यानात असू द्या, पुढे त्याचं काम आहे.

आता उंटअळीची गोष्ट आतून पाहू. पतंगाची मादी पानाखाली अंडं घालून निघून जाते. कोपिडोसोमाची मादी ते अंडं हुडकते, वर चढते, शृंगिकांनी चाचपते आणि आपली नळी त्यात खुपसून स्वतःचं सूक्ष्म अंडं आत सोडते. अंड्यात अंडं. दोन्हींची वाढ एकाच वेळी सुरू होते. बहुतेक प्राण्यांत अंडं तयार होताना ध्रुवपिंड म्हणून जे जादा केंद्रक बाहेर पडतात ते वाया जातात. इथे ते वाया जात नाहीत. त्यांच्यापासून गर्भाभोवती एक पातळ वेष्टण तयार होतं. या वेष्टणाला पुढे दोन मोठी कामं आहेत. एक म्हणजे अळीच्या प्रतिकारशक्तीला चकवणं. दुसरं थोड्या वेळाने सांगतो, कारण ते जास्त भयंकर आहे.

वेष्टणात गुंडाळलेला हा पेशींचा गोळा पतंगाच्या अंड्यातल्या बलकात पडलेला असला, तर तिथे वाट बघत बसत नाही. जपानी संशोधकांनी दाखवलं आहे की तो आपणहून सरकत पतंगाच्या गर्भात शिरतो. गर्भाला जखम होत नाही; त्याच्या पेशी पाहुण्या पेशींना चिकटून जागा करून देतात. परकी ऊती शरीरात टिकवण्यासाठी माणसाच्या डॉक्टरांना जन्मभर औषधं द्यावी लागतात, हे आठवलं की त्या चिकटण्याकडे बघायची नजर बदलते.

तीनेक दिवसांत अळी अंड्यातून बाहेर पडते. दिसायला धडधाकट. ती खाते, कात टाकते, पुन्हा खाते. तिच्या पोटातला गोळा मात्र वाटला जातोय. एकाचे दोन, दोनाचे चार असं नीटनेटकं नव्हे. मोठा गोळा वेष्टणाला आतून घड्या पाडून लहान लहान तुकड्यांत मोडतो, तुकडे वाढतात, पुन्हा मोडतात. अळीच्या पहिल्या चार अवस्था संपेपर्यंत शेकडो, मग हजारावर गर्भगोळे. त्यांना आकार घ्यायची घाई नाही. कात टाकण्यासाठी अळीच्या अंगात जे संप्रेरक उसळतं, त्याच्या भरती-ओहोटीवर त्यांचं कॅलेंडर चालतं. अळी शेवटच्या अवस्थेत आली की हजारो गर्भ एकदम अळीरूप घेतात आणि यजमानाला आतून खायला लागतात. काही दिवसांत आतला ऐवज संपतो. गंमत अशी की ही पोखरलेली अळी निरोगी अळीपेक्षा आकाराने मोठी भरते. तिला जास्त दिवस खाऊ दिलं जातं. दोन हजार पोटं भरायची तर ताट मोठं हवंच.

आपल्याकडे कीटक-भृंग न्याय प्रसिद्ध आहे. भृंगी, म्हणजे कुंभारीण माशी, अळीला पकडून घरट्यात कोंडते, अळी भीतीने तिचाच ध्यास घेते आणि शेवटी स्वतः भृंगी होऊन उडते, असा तो दृष्टांत. संतवाङ्मयात आणि कीर्तनात तो वारंवार येतो. कुंभारणीच्या मातीच्या घरट्यात अळी गेली आणि काही दिवसांनी त्यातून कुंभारीण निघाली, हे निरीक्षण अगदी बरोबर होतं. मधला मजकूर तेवढा भक्तीने भरला. ज्याने हा दृष्टांत पहिल्यांदा दिला त्याच्या पुढ्यात कोपिडोसोमाची ममी ठेवायला हवी होती. एका कीटकाचे दोन हजार भृंग! त्याने अद्वैताचं काय केलं असतं कोण जाणे.

सिल्वेस्त्री यांना १९०६ मध्येच या कारभारात एक विचित्र गोष्ट दिसली होती. सगळे गर्भ शेवटपर्यंत थांबत नव्हते. काही आधीच, अळी लहान असतानाच, अळीरूप घेऊन तिच्या रक्तात फिरायला लागत. अंग सडपातळ, लांबोडकं, तोंडाशी विळ्यासारखे जबडे. त्यांच्यात प्रजननाचे अवयव नव्हते. ते कधी कोषात जात नसत, कात टाकत नसत, आणि बाकीची भावंडं यजमानाला संपवायला लागली की मरून जात. ही काय भानगड? बिघडलेले, अर्धवट राहिलेले गर्भ? की अळीच्या आतल्या ऊती फोडून भावंडांना जेवण सोपं करून देणारे नोकर? पंचाहत्तर वर्षं यावर पक्कं उत्तर नव्हतं.

ते १९८१ मध्ये योलांडा क्रूझ यांनी ‘नेचर’मध्ये दिलं. त्यांनी अभ्यासलेली जात कोपिडोसोमाच्या जवळच्या गटातली, पिठातल्या पतंगाच्या अळीवर जगणारी. एकाच अळीत दुसऱ्या जातीच्या गांधीलमाशीनेही अंडं घातलं तर हे बिनलिंगी जीव त्या परक्या पिल्लाला जबड्यात धरून फाडतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे हे सैनिक. मुंग्या, मधमाश्या, वाळवी यांच्यात जशी वांझ सैनिकांची जात असते तशी, फक्त इथे वारूळ म्हणजे एका अळीचं पोट.

पुढची वीस-पंचवीस वर्षं कोपिडोसोमा फ्लोरिडॅनमवर अमेरिकेत मायकेल स्ट्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे काम केलं, ते वाचताना वैज्ञानिक शोधनिबंध वाचतोय की गादीच्या भाऊबंदकीची बखर, असा प्रश्न पडतो. कोपिडोसोमाची मादी बऱ्याचदा एकाच पतंगाच्या अंड्यात स्वतःची दोन अंडी घालते: एक फलित, त्यातून मुली, एक अफलित, त्यातून मुलगे. दोन्ही अंडी फुटत जातात. मुलींच्या अंड्यातून सैनिक भरपूर निघतात, मुलग्यांच्या अंड्यातून अगदी थोडे. आणि बाहेरचा शत्रू आलेला नसतानाही मुलींचे सैनिक जबडे चालवत असतात. कोणावर? १९९२ मध्ये ग्रबिच, ओड आणि स्ट्रँड यांनी उत्तर दिलं: सख्ख्या भावांवर. सैनिक बहिणी भावांचे गर्भ शोधून मारतात, म्हणून मिश्र ममीतून शेवटी बहिणीच बहिणी आणि मोजके भाऊ बाहेर पडतात.

यात क्रौर्य शोधण्यापेक्षा हिशेब मांडून पाहावा. सैनिक स्वतः वांझ आहे. तिचं जे काही पुढच्या पिढीत जाणार ते दुसऱ्यांमार्फत. बहीण तिची शंभर टक्के नक्कल, म्हणजे बहीण जगली की ती स्वतः जगली. भाऊ वेगळ्या अंड्यातला, आणि या कीटकांच्या लिंगनिश्चितीच्या तऱ्हेमुळे बहिणीच्या दृष्टीने भाऊ फक्त चार आण्यांचा नातेवाईक. शिवाय ममीतून बाहेर आल्या आल्या बहीण-भावांचाच समागम होतो आणि एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो. मग अन्न मर्यादित असताना शेकडो भाऊ पोसायचे कशाला? विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये नातेसंबंध आणि त्याग यांचं जे गणित मांडलं, त्याचं इतकं उघडं-वाघडं उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

काळोख्या, रक्ताने भरलेल्या पोटात ही आंधळी सैनिक बहीण कोणती आणि भाऊ कोण हे ओळखते कशी? इथे त्या वेष्टणाचं दुसरं काम. प्रत्येक गर्भ ज्या पातळ पडद्यात गुंडाळलेला असतो, त्यावरून सैनिक आपलं आणि परकं ठरवते. २००४ मध्ये आलेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: सैनिकांचा हल्ला नात्याच्या दुराव्यानुसार वाढतो, अन्नाची टंचाई किती यावर नाही. नातं जितकं लांबचं तितका चावा हमखास.

आणि सैन्यभरती परिस्थिती पाहून होते. उंटअळीत मायक्रोप्लायटिस या दुसऱ्या परोपजीवी गांधीलमाशीचं पिल्लूही वाढत असेल, तर कोपिडोसोमाच्या गर्भांपैकी सैनिक होणाऱ्यांचं प्रमाण वाढतं. मेंदू नसलेले पेशींचे गोळे शत्रूची चाहूल लागल्यावर घरातली जास्त मुलं शिपाईगिरीला धाडतात, असं २००० सालच्या एका प्रयोगाने दाखवलं.

कोण सैनिक व्हायचं आणि कोणाचा वंश चालायचा हे ठरतं कसं, याचं उत्तर मला या सगळ्यात सर्वांत देखणं वाटतं. दोघींचे जनुक तर तंतोतंत एक आहेत. अंडं चार पेशींचं असताना त्यातली एक पेशी इतरांपेक्षा लहान असते आणि अंड्यातला प्रजननाचा वारसा, एक विशिष्ट द्रव्य, तिच्याच वाट्याला येतं. पुढच्या शेकडो फाळण्यांत या पेशीच्या लेकी ज्या गोळ्यांत पोचतात ते गोळे माश्या होतात. ज्यांत त्या पोचत नाहीत ते सैनिक. संशोधकांनी ती एक पेशी नष्ट करून पाहिली. तेव्हा त्या अंड्यातून सगळे सैनिकच निघाले. लढायला सैन्य आहे, पण ज्यांच्यासाठी लढायचं ते कोणीच नाही.

आता १९०६. सिल्वेस्त्री पोर्तिचीत आपला ग्रंथ छापत होते त्याच साली इटलीहून बियाण्याचे बटाटे मुंबई इलाख्यात आले आणि त्यांच्याबरोबर पाकोळी आली. मूळची ती दक्षिण अमेरिकेची, बटाट्याच्याच माहेरची. इथे तिला पुणे जिल्ह्यासारखा मुलूख मिळाला. खेड, मंचर, आंबेगावचं सातगाव पठार हा बटाट्याचा पट्टा. शेतात ती पानं पोखरते, उघड्या पडलेल्या कंदाच्या डोळ्याशी अंडी घालते, आणि माल साठवणीत गेला की तिची खरी चैन सुरू होते. शीतगृह परवडलं नाही तर बटाटा शेतातच झाडाच्या सावलीत ढीग लावून पाल्याखाली झाकतात. त्यालाच अरण म्हणतात. अंधार, ऊब आणि अमाप अन्न. उन्हाळ्यात महिन्याभरात एक पिढी.

तिच्यामागे तिच्या माहेरचा वैरीही आणला गेला: कोपिडोसोमा कोह्लेरी, सुरुवातीला पाहिलेल्या ममीतली. ऑस्ट्रेलिया, झांबिया, झिंबाब्वे अशा देशांतही तिला मुद्दाम नेऊन सोडलं आहे. आपल्याकडे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या जैविक कीड नियंत्रणाच्या केंद्राने तिच्यावर काम केलं. तिला वाढवण्याची रीत पाहण्यासारखी असते. पाकोळीचे पतंग प्लास्टिकच्या बरणीत, तोंडाला मलमलीचं फडकं. माद्या त्या फडक्यावरच अंडी घालतात. अंड्यांचं फडकं दिवसभर कोपिडोसोमाच्या बरणीत ठेवतात. माश्यांच्या खुराकाला मधाचे थेंब. मग ते फडकं सुईने भोकं पाडलेल्या बटाट्यांवर, म्हणजे निघणाऱ्या बारीक अळ्यांना आत शिरायला कष्ट नकोत. तळाला वाळू. आणि पुढचे तीनेक आठवडे पाकोळीच्या अळ्यांची बडदास्त, कारण त्या नीट जेवल्या तरच ममी भरदार होणार. कीड मारण्यासाठी कीड पोसायची असा हा उलटा संसार आहे.

या जातीत प्रत्येक मादी-गटात सैनिक फक्त एक असते. उंटअळीतल्या फौजेपुढे ही एकटी शिलेदार. नरांच्या गटात तेवढीही नाही. दुसरं कोणाचं अंडं आत आलं, अगदी स्वजातीच्या दुसऱ्या मादीचंसुद्धा, तर निकाल तिच्या जबड्यावर.

शेतकऱ्याच्या बाजूने या मैत्रीत एक खोट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे उसावर ट्रायकोकार्ड लावतात ती ट्रायकोग्रामा किडीला अंड्यातच संपवते; नुकसान व्हायच्या आधीच हिशेब मिटतो. कोपिडोसोमा अंड्यात शिरते, पण अळीला शेवटपर्यंत जेवू देते. म्हणजे जो बटाटा पोखरला जायचा तो जातोच. फायदा पुढच्या पिढीला, कारण त्या अळीचा पतंग होत नाही आणि त्या पतंगाची अंडी पडत नाहीत. त्यामुळे अरणीतला माल अर्धा सडल्यावर ही माशी आणण्यात हशील नाही. तिचं काम शेतात, पीक उभं असताना, पाकोळी थोडी असतानाच सुरू व्हायला हवं. आणि त्याच आठवड्यात कडक कीटकनाशक फवारलं तर मिलिमीटरभराची माशी आधी जाते, बटाट्याच्या आत बसलेली अळी नंतर, किंवा जातही नाही.

आणखी एक व्यवहारी गोष्ट, जी त्या एका अंड्यामुळेच उद्भवते. कोह्लेरीच्या ममीत बहुधा एकच अंडं असतं, म्हणून ममीतून एक तर चाळीस बहिणी निघतात, नाही तर चाळीस भाऊ. बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. बहिणींची ममी एकटी ठेवली, तर जवळपास नर नसल्याने त्या कुमारिकाच अंडी घालतील, अंडी अफलित राहतील आणि पुढची सारी पिढी नुसत्या मुलग्यांची निघेल. तिथे वंश खुंटला. एकाच चणीच्या, एकाच दिवशी तयार झालेल्या दहा-वीस ममी एकत्र ठेवल्या की भागतं.